१७ संघांचा साचा १९ संघांना पुरणार नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीगच्या, म्हणजे एनआरएलच्या विस्ताराची बातमी आपल्या क्रीडा पानावर वाचली. २०२७ मध्ये पर्थ बेअर्स आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ दाखल होणार, एवढे त्यात आले. मात्र हे संघ हंगामात बसवायचे कसे, यावर कुणी फारसे बोलत नाही. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. २०२८ पासून प्रत्येक क्लबचे साखळी सामने २४ वरून २२ करावेत, आणि स्टेट ऑफ ओरिजिन या दोन राज्यांमधल्या वार्षिक मालिकेच्या तीन शनिवार-रविवारी क्लबचे सामने ठेवूच नयेत. हे का, याचा हिशेब पुढे मांडत आहोत.

आजची स्थिती अशी. २०२३ मध्ये डॉल्फिन्स हा क्लब आल्यापासून स्पर्धेत १७ संघ आहेत. हंगाम २७ फेऱ्यांचा असतो. प्रत्येक संघ २४ सामने खेळतो आणि तीन फेऱ्यांत त्याला बाय, म्हणजे सामन्याविना सुट्टी, मिळतो. एकूण साखळी सामने २०४. प्रतिस्पर्धी १६ आणि सामने २४, म्हणजे आठ संघांशी दोनदा गाठ पडते, उरलेल्या आठांशी एकदाच. कोणते आठ दोनदा, हे ठरवण्याचा ठाम, जाहीर नियम नाही. प्रेक्षक खेचणाऱ्या लढती दोनदा घ्याव्यात हे समजण्यासारखे आहे, पण आठव्या आणि नवव्या क्रमांकात एका विजयाचा फरक असतो आणि बाद फेरीत आठच संघ जातात. एकाला दुबळे प्रतिस्पर्धी दोनदा आणि दुसऱ्याला तगडे दोनदा मिळाले, तर गुणतालिकेवर त्याचा परिणाम होणारच.

त्याहून मोठे दुखणे ओरिजिनचे. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्यातले हे तीन सामने मे अखेरपासून जुलैपर्यंत, हंगामाच्या ऐन मध्यात येतात. २०२३ पासून तिन्ही बुधवारी होतात. त्याआधीच्या शनिवार-रविवारी ओरिजिनचे खेळाडू क्लबसाठी खेळत नाहीत, म्हणून त्या फेरीत फक्त पाच सामने ठेवून सात संघांना बाय दिला जातो. अशा तीन फेऱ्या मिळून २१ बाय होतात. ते १७ क्लबांत सारखे वाटताच येत नाहीत. कुणाला तरी दोन मिळतात. आणि ज्यांना बाय नाही ते आपले सर्वांत चांगले तीन-चार खेळाडू गमावून मैदानात उतरतात. बुधवारी रात्री ओरिजिन झाले की शुक्रवारपासून पुढची फेरी. ऐंशी मिनिटे त्या दर्जाच्या धडका खाल्लेला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, दोन-तीन दिवसांत पुन्हा खेळवायचा की बसवायचा, हा पेच प्रशिक्षकापुढे उभा राहतो. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला बऱ्याचदा तो खेळाडू दिसतच नाही. म्हणजे प्रत्येक ओरिजिनमागे एक नव्हे, दोन फेऱ्या नासतात.

यावरचा उपाय नवा नाही. २०१८, २०१९, २०२१ आणि २०२२ या वर्षी ओरिजिनचा दुसरा सामना रविवारी झाला होता. तिन्ही सामने तसेच घ्यावेत. आदल्या रविवारी क्लबची फेरी संपते, पुढचा शनिवार-रविवार क्लबसाठी मोकळा, त्या रविवारी संध्याकाळी ओरिजिन, आणि पुढची फेरी शुक्रवारपासून. रविवार ते शुक्रवार पाच दिवस होतात. दोन सामन्यांत किमान पाच दिवस असावेत, ही या स्पर्धेची आजची मर्यादा आहे आणि ती इथे पाळली जाते. राज्य संघांच्या प्रशिक्षकांना सरावासाठी दहा दिवसांऐवजी सहा-सात दिवस मिळतील, हे खरे. बुधवार हा वाहिन्यांचा लाडका दिवस आहे, हेही खरे. तरी सहा फेऱ्या नासवण्यापेक्षा ही किंमत कमी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता संघसंख्या. २०२७ मध्ये १८ संघ असतील, आणि सम आकडा वेळापत्रक करणाऱ्याला मोठी सोय देतो: कुणालाही बाय देण्याची सक्ती नसते. २४ सामने, प्रत्येक फेरीत नऊ, म्हणजे २४ भरलेल्या फेऱ्या आणि २१६ सामने. त्यात ओरिजिनचे तीन मोकळे आठवडे घातले की बरोबर २७ आठवडे. आजचाच कालावधी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा अंतिम सामना जागचा हलत नाही आणि एकही क्लब सामना गमावत नाही. त्यामुळे २०२७ हे वर्ष या पद्धतीची चाचणी घ्यायला आयतेच चालून आले आहे. ते वाया घालवू नये.

२०२८ मध्ये १९ संघ झाले की हा मांडणीचा डाव मोडतो. विषम संख्येत दर फेरीला किमान एक संघ बसतोच, म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त नऊ सामने. २४ सामने कायम ठेवले तर एकूण २२८ होतात. त्यांना नऊने भागले की २५ फेऱ्या पुरत नाहीत, २६ लागतात. २७ आठवड्यांत मग ओरिजिनसाठी एकच मोकळा आठवडा उरतो. हंगाम आणखी दोन आठवडे लांबवावा, तर एक तर फेब्रुवारीच्या उन्हात सुरुवात करावी लागते, नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर अतिक्रमण होते.

मग २४ चे २३ का करू नयेत, असे विचारले जाईल. ते गणितातच बसत नाही. १९ संघ गुणिले २३ सामने म्हणजे ४३७. प्रत्येक सामन्यात दोन संघ असल्याने याला दोनने भाग जायला हवा, आणि तो जात नाही. विषम संघांना सामने सम संख्येनेच द्यावे लागतात. म्हणून २२.

२२ सामन्यांचा हिशेब असा. १९ गुणिले २२, भागिले दोन, म्हणजे २०९ सामने. नऊच्या हिशेबाने २४ फेऱ्या पुरतात आणि तीन मोकळे आठवडे धरून पुन्हा २७ आठवडे. प्रत्येक संघाला दोन बाय, एकूण ३८. दर फेरीत बाय विषम संख्येनेच पडतात, एक किंवा तीन. त्यामुळे १७ फेऱ्यांत एक बाय आणि नऊ सामने, सात फेऱ्यांत तीन बाय आणि आठ सामने, अशी विभागणी होते. लक्षात घ्यावे, २०९ सामने हे आजच्या २०४ पेक्षा जास्तच आहेत. प्रक्षेपण करणाऱ्यांच्या हाती आजच्यापेक्षा कमी काही पडत नाही.

आठ सामन्यांच्या त्या सात फेऱ्या कुठे ठेवायच्या, यात खरे कौशल्य आहे. तीन ओरिजिननंतर लगेच. त्या फेऱ्यांत गुरुवारचा सामना ठेवायचा नाही; शुक्रवारी दोन, शनिवारी तीन, रविवारी तीन. एक मॅजिक राउंडला. ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमवर बाय नसलेले सगळे संघ शुक्रवार ते रविवार खेळतात, आणि तीन दिवसांत आठ सामने एवढेच ते मैदान नीट सहन करते. नववा सामना घुसवला तर रविवारपर्यंत हिरवळ उखडलेली असेल. एक हंगामाच्या सुरुवातीला, अमेरिकेत लास वेगासला होणाऱ्या सामन्यांमुळे अनेक गोष्टी विस्कळीत असतात तेव्हा. एक ऑगस्टमध्ये राखीव. आणि एक अँझॅक डे या युद्धस्मृतिदिनाच्या पाठोपाठ.

या शेवटच्या फेरीकडे जरा बारकाईने पाहू, कारण वेळापत्रक कसे अडते ते इथे दिसते. अँझॅक डे २५ एप्रिललाच असतो. त्या दिवशी सिडनीत ड्रॅगन्स आणि रूस्टर्स ही ठरलेली लढत; मेलबर्नमध्ये अनेक वर्षे स्टॉर्म आणि वॉरियर्स ही लढत होत असे, तीही इथे धरली आहे. २०२८ मध्ये हा दिवस मंगळवारी येतो. मंगळवारच्या आधी पाच दिवस हवेत, म्हणजे या चार संघांचा आधीचा सामना २० तारखेच्या गुरुवारपर्यंत उरकलेला हवा. त्याच्या आधल्या शनिवार-रविवारी ईस्टर आहे, आणि ईस्टर सोमवारी, १७ तारखेला, जो संघ खेळेल त्याला त्या आठवड्यात २२ तारखेच्या शनिवारच्या आत हात लावता येत नाही. म्हणजे या चौघांपैकी कुणालाही ईस्टर सोमवार देता येत नाही. अँझॅक डेनंतर तर आणखी अडचण: मंगळवारपासून पाच दिवस म्हणजे थेट रविवार, ३० तारीख. चारही संघ वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी रविवारी खेळवायचे तर चार सामने लागतात आणि रविवारी जागा तिनांचीच. चौघांपैकी तिघांना त्या फेरीत बाय द्या आणि चौथ्याला रविवारी खेळवा, की गाठ सुटते. बाय म्हणजे उरलेली, कशीही वाटायची सुट्टी नव्हे. नेमक्या जागी ठेवला तर तो वेळापत्रकातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

विश्रांतीच्या दिवसांबद्दल एरवीही नियम कडक हवेत. आठ सामन्यांच्या आठवड्यात गुरुवारी एक, शुक्रवारी दोन, शनिवारी तीन आणि रविवारी दोन अशी सर्वसाधारण मांडणी असते. रविवारी खेळलेला संघ पुढच्या गुरुवारी खेळू शकत नाही, कारण चारच दिवस होतात. शनिवारी खेळलेल्याला पाच मिळतात, शुक्रवारी खेळलेल्याला सहा. गुरुवारचा सामना त्यामुळे दर आठवड्याला त्याच त्या संघांकडे सरकत राहतो. किमान पाच दिवस मिळाले एवढ्यावर समाधान मानणे चूक आहे. पाच दिवसांचा संघ आठ दिवस विश्रांती घेतलेल्या संघासमोर उभा राहिला, तर नियम पाळूनही अन्याय होतो. आम्ही सुचवतो: बाय सोडून दोन प्रतिस्पर्ध्यांच्या विश्रांतीत दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नसावा, आणि कोणत्याही क्लबला हंगामात तीनपेक्षा जास्त वेळा पाच दिवसांचे अंतर मिळू नये, लागोपाठ तर कधीच नाही.

लागोपाठ का नाही, याला आता वैद्यकीय कारणही आहे. २०२३ पासून डोक्याला मार लागून कन्कशन झालेल्या खेळाडूला सहसा किमान ११ दिवस बाहेर बसावे लागते. सात-सात दिवसांच्या अंतराने सामने असले तर तो एक सामना चुकवतो. पाच-पाच दिवसांचे असले तर दहाच दिवस भरतात आणि दोन सामने हुकतात. दुखापत तीच, शिक्षा दुप्पट, आणि कारण फक्त वेळापत्रक. वाईट हे की अशा वेळी लक्षणे लपवण्याचा मोह वाढतो.

आता दोनदा कुणाशी खेळायचे. १८ प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदा खेळून झाल्यावर चार सामने उरतात. त्यांतले दोन कायमच्या पारंपरिक लढतींसाठी आणि दोन गेल्या वर्षीच्या क्रमवारीनुसार द्यावेत. पारंपरिक लढतीला प्रत्येकाची एकच जोडी लावायची म्हटली तर १९ व्या संघाला जोडीदार उरत नाही. म्हणून साखळ्या कराव्यात, प्रत्येकाला दोन शेजारी. क्वीन्सलंडची साखळी: ब्रॉन्कोज, डॉल्फिन्स, टायटन्स, काउबॉइज आणि पुन्हा ब्रॉन्कोज. सिडनीच्या नऊ क्लबांची: रूस्टर्स, रॅबिटोज, बुलडॉग्ज, ईल्स, टायगर्स, पँथर्स, सी ईगल्स, शार्क्स, ड्रॅगन्स आणि पुन्हा रूस्टर्स. यात १९०८ पासूनचे रूस्टर्स-रॅबिटोज वैर येते, गुड फ्रायडेचा रॅबिटोज-बुलडॉग्ज सामना येतो, ईस्टर सोमवारचा ईल्स-टायगर्स येतो, शार्क्स-ड्रॅगन्स ही शेजाऱ्यांची लढत येते आणि अँझॅक डेचा ड्रॅगन्स-रूस्टर्सही. पश्चिम सिडनीतला ईल्स-पँथर्स मात्र यात बसत नाही, आणि त्याचे वाईट वाटते. ज्या वर्षी क्रमवारी जुळवून देईल त्या वर्षी तो दोनदा होईल. उरलेल्या सहांची साखळी पर्थ, स्टॉर्म, वॉरियर्स, पापुआ न्यू गिनी, नाइट्स, रेडर्स आणि पुन्हा पर्थ अशी लावता येते. हिच्यात पर्थ आणि ऑकलंडचे वॉरियर्स शेजारी येत नाहीत, हे मुद्दाम. हिवाळ्यात त्या दोन शहरांच्या घड्याळांत चार तासांचा फरक असतो आणि अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. तो प्रवास वर्षातून एकदा पुरे.

क्रमवारीसाठी गेल्या वर्षीचे पहिले सहा, नंतरचे सहा आणि शेवटचे सात असे गट करावेत आणि गटातच दोन-दोन जादा सामने द्यावेत. पारंपरिक लढत आधीच ठरलेली असेल तर पुढचा संघ घ्यावा. हंगामाच्या मध्यावर गुणतालिका पाहून गट पाडण्याचा मोह टाळावा. इंग्लंडच्या सुपर लीगने २०१५ ते २०१८ सुपर एट्स ही तशी पद्धत चालवली आणि सोडून दिली. शेवटचे घरचे सामने कुणाशी आणि कधी, हे माहीत नसताना क्लबने हंगामाची तिकिटे विकायची कशी? पहिल्या आणि दुसऱ्या भेटीत निदान आठ फेऱ्यांचे अंतर हवे, नाही तर एकाच दुखापतीचा फायदा तोच प्रतिस्पर्धी दोनदा उचलतो.

विषम संख्येचा एक फायदाही सांगायला हवा, कारण तो दुर्लक्षित राहतो. सम संख्येच्या साखळीत घरचा आणि बाहेरचा सामना आळीपाळीने सगळ्यांना देता येत नाही. १८ संघांत किमान १६ ठिकाणी कुणाला तरी लागोपाठ दोन घरचे किंवा दोन बाहेरचे द्यावेच लागतात. १९ संघांत, प्रत्येकाचा एक बाय धरून, १९ फेऱ्या अशा रचता येतात की एकही आळीपाळी मोडत नाही आणि प्रत्येकाला नेमके नऊ घरचे, नऊ बाहेरचे सामने मिळतात. जादा चारांतले दोन घरी, दोन बाहेर. एकूण ११ आणि ११.

ही आळीपाळी पर्थपुरती मात्र हेतुपुरस्सर मोडावी. सिडनीहून पर्थ सुमारे ३,३०० किलोमीटर, जाताना विमानाचे पाच तास. पर्थच्या संघाने ११ वेळा पूर्वेला जाऊन परतण्यापेक्षा दोन बाहेरचे सामने जोडून, मधला आठवडा पूर्वेतच राहून, जमेल तितक्या खेपा वाचवाव्यात. तीन जोडू नयेत. तीन आठवडे घरचा सामना नसलेल्या नव्या क्लबचा प्रेक्षक तुटतो. पर्थला जाऊन आलेल्या संघाला पुढे किमान सात दिवस द्यावेत. प्रक्षेपणाच्या दृष्टीने पर्थ वरदानच आहे: हिवाळ्यात तिथले घड्याळ सिडनीच्या दोन तास मागे असते, म्हणून शनिवारी तिथे साडेसातला सुरू होणारा सामना सिडनीत साडेनऊला दिसतो आणि नववा सामना इतर कुणाच्या वेळेवर न येता बसतो. मार्चमध्ये सिडनीत उन्हाळी वेळ चालू असते, फरक तीन तासांचा होतो; तेव्हा तोच सामना रविवारी दुपारी घ्यावा. काउबॉइजचे टाउन्सव्हिल आणि पापुआ न्यू गिनीचे पोर्ट मोर्स्बी इथे मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे सामने नकोत. दमट हवेत खेळाडू गळतात आणि चेंडू हातातून निसटत राहतो. तिथले दुपारचे सामने जून ते ऑगस्टमध्ये ठेवता येतील.

विषम संख्येची एक बोच उरतेच: अखेरच्या फेरीतही एक संघ बसणार, आणि त्याचे भवितव्य इतरांच्या निकालावर ठरणार. हा बाय कुणाला, हे दरवर्षी चिठ्ठी टाकून, वेळापत्रकाच्या आधी जाहीरपणे ठरवावे. एकदा मिळालेल्या क्लबचे नाव पुढची १८ वर्षे चिठ्ठ्यांत घालू नये. बायसाठी आज दोन गुण मिळतात, तेही बंद करावेत. शेवटी सर्वांचे गुण सारखेच वाढतात, पण मधल्या काळात तालिका वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

क्लबांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे: घरचे सामने १२ वरून ११. एका सामन्याचे तिकीट, खानपान आणि जाहिरात यांचे उत्पन्न जाणार. त्याची भरपाई मध्यवर्ती प्रक्षेपण उत्पन्नातून, सर्व क्लबांना सारखी, आधी ठरवून करावी. त्यासाठीच वेळ महत्त्वाची आहे. नाइन आणि फॉक्सटेल या प्रक्षेपण कंपन्यांशी असलेला सध्याचा करार २०२७ अखेर संपतो. नवा करार २४ सामने गृहीत धरून झाला, तर पुढची कित्येक वर्षे हा विषय कुणी काढू शकणार नाही.

शेवटी कामाचा क्रम. आधी कुणाशी किती वेळा हे ठरवावे, मग न हलणाऱ्या तारखा आणि मैदाने अडलेले दिवस भरावेत, मग फेऱ्या, आणि दूरचित्रवाणीच्या वेळा सर्वांत शेवटी. वेळा आधी वाटून घेतल्या की विश्रांती आणि प्रवासाचे सगळे नियम त्यांच्याभोवती वाकवावे लागतात. आणि वेळापत्रक जाहीर होईल त्याच दिवशी त्यासोबत प्रत्येक क्लबचा तक्ता द्यावा: पाच दिवसांची अंतरे किती, प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी विश्रांती किती वेळा, प्रवासाचे किलोमीटर किती, दोनदा कुणाशी आणि कोणत्या नियमाने. २०२७ च्या वेळापत्रकापासूनच हा तक्ता द्यायला कसलीच अडचण नाही. त्यातली सगळी माहिती वेळापत्रक करणाऱ्यांकडे असतेच.

आपले,
रग्बी लीगचे काही वाचक, सिडनी